न जमलेल्याची वही

सहावीत असताना मी चौथीच्या वर्गाचं टाचण लिहीत असे. ही गोष्ट मी आजवर कुणाला फारशी सांगितली नाही, पण त्यात लपवण्यासारखंही काही नव्हतं. त्या काळी आमच्या भागातल्या निम्म्या शाळांचं टाचण गुरुजींच्या बायका नाहीतर मुलं लिहीत. टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवायचं त्याची आदल्या दिवशी करून ठेवायची नोंद. दिनांक, विषय, घटक, हेतू, साधनं, प्रस्तावना, गृहपाठ, असे रकाने आखायचे आणि भरायचे. दर सोमवारी हेडमास्तर त्यावर सही करत. मागच्या वर्षीची वही समोर ठेवायची, तारखा बदलायच्या आणि बाकीचं जसंच्या तसं उतरवून काढायचं. मागच्या वर्षीची वही त्याच्या मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली असे. मुळात पहिल्यांदा ते कुणी लिहिलं होतं, हे शोधून काढायला बहुतेक इंग्रजांपर्यंत जावं लागलं असतं.

आमचं गाव शेलूबाजारपासून दोन कोस आत. दुष्काळाची कामं नुकतीच संपली होती आणि रस्त्याच्या कडेला फोडून ठेवलेल्या खडीचे ढीग तसेच पडून होते, त्यांवर आम्ही पोरं खेळायचो. घर दोन खोल्यांचं, पुढे मातीचा ओटा. बाबा, म्हणजे वानखडे गुरुजी, गावातल्याच शाळेत मास्तर होते. आई मजुरीला जाई. मास्तराची बायको निंदायला-खुरपायला जाते याचं गावाला नवल वाटे, आईला वाटत नसे. चार-साडेचारला शाळा सुटली की बाबा घरी येऊन ओट्यावरच्या बाजेवर आडवे होत आणि मी त्यांच्या पायथ्याशी पोत्यावर बसून टाचण लिहायला घेई. तिकडे पिठाच्या गिरणीचं इंजिन पुकपुक करत असे. ते थांबेपर्यंत माझी तीन पानं होत. बाबा डोळे मिटूनच विचारत, "कुठवर आलं सुमे?" मी म्हणे, "हेतूपर्यंत." मग ते कूस बदलत. तो पाऊण तास बाबा माझे असत. मोठा भाऊ शिकायला वाशीमला होता, आई रानात, आणि बाबांच्या नावानं मी लिहीत होते. मला त्याचा अभिमान वाटे. माझं अक्षर बाबांपेक्षा चांगलं होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हेतूच्या रकान्यात एक वाक्य सारखं यायचं. 'विद्यार्थ्यांच्या मनात जिज्ञासा जागृत करणे.' मग पाठ नदीचा असो की वजाबाकीचा. मी ते वाक्य शेकडो वेळा लिहिलं असेल. जिज्ञासा म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं आणि बाबांना विचारावंसंही कधी वाटलं नाही. ती जागृत करायची असते, एवढं पुरेसं होतं. ज्यांनी ती जागृत करायची ते बाजेवर घोरत असत.

बाबा असे पहिल्यापासून नव्हते, असं आई सांगे. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाबा विशीच्या आतले होते. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेले पहिले बाबाच. नोकरी लागली तेव्हा सुट्टीच्या दिवशीसुद्धा पोरांना गोळा करून ओट्यावर शिकवायचे म्हणे. मग एक हेडमास्तर असे मिळाले, की त्यांनी बाबांची खुर्ची दाराजवळ, सगळ्यांच्या शेवटी ठेवली आणि पाण्याचा पेला वेगळा. बाबांच्या टाचणावर लाल शाई जास्त चाले, बाकीच्यांच्यावर कमी. दोन मेमो मिळाले, एक उशिरा आल्याबद्दल आणि एक कशाबद्दल ते कुणालाच कळलं नाही. मतदारयाद्या, गुरांची मोजणी, लसीकरण, सगळं बाबांच्याच गळ्यात. बाबांनी भांडण केलं नाही. ते हळूहळू कमी होत गेले, एवढंच. वर्गात जायचं, फळ्यावर धडा उतरवून द्यायचा, मॉनिटरला छडी द्यायची आणि खिडकीतून बाहेर बघत बसायचं. आज माझ्या अंगात जो शीण आहे तो वयाचा आहे, असं मी डॉक्टरला सांगते. बाबांचं वय तेव्हा पस्तिशीचं होतं.

त्या वर्षी पावसाळ्यात नवे हेडमास्तर आले. राऊत गुरुजी. रिसोडकडचे, भाजीपाला पिकवणाऱ्या माळी घरातले. बुटके, काळेसावळे, हातांना मास्तरांपेक्षा बागवानाचीच घट्टे पडलेली बोटं. आल्या आल्या त्यांनी कोपऱ्यातला वेगळा पेला उचलून त्यात पेन्सिली ठेवल्या. त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. पहिल्या सोमवारी पाचही गुरुजींची टाचणं मागवली आणि बाबांची वही पाहून म्हणाले, "अक्षर मोठं गोड हाये वानखडे गुरुजी." दोन दिवसांनी मला कचेरीत बोलावून फळ्यावर सुविचार लिहायला सांगितला. मी लिहिला. ते मागे उभे राहून पाहत होते.

"जिज्ञासा म्हंजे काय व पोरी?" त्यांनी विचारलं.

मी घाबरून म्हटलं, "ते जागृत करायचं असते गुरुजी."

ते हसले नाहीत. "हाव, बरोबर हाये," म्हणाले आणि मला वर्गात पाठवलं.

त्याच आठवड्यात ते संध्याकाळी आमच्या घरी आले, हातात वांग्यांची पिशवी घेऊन. आईची धांदल उडाली. चहा विचारावा की नाही, घेतील की नाही, हे तिला कळेना. तेच म्हणाले, "भाकर झाली असन तं खातो बाई. सकायपासून उपाशी हाओ." ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि मिरचीचा ठेचा होता. त्यांनी अडीच भाकरी खाल्ल्या. आमच्या घरात आमच्या ताटात जेवलेले ते पहिले हेडमास्तर. हे मी लिहायचं टाळणार होते, कारण लोकांना वाटतं आम्ही हेच मोजत बसतो. पण आई शेवटपर्यंत मोजत होती, त्या अडीच भाकरी.

जेवण झाल्यावर ते बाबांना म्हणाले, "टाचन तुमी लिवत नाई. बाकीचेबी लिवत नाईत. मीबी बारा वर्सं लिवलं नाई, बायको लिवून द्यायची. मंग कायले सही करून राह्यलो मी?"

बाबांना वाटलं तिसरा मेमो आला. तिसरा मेमो म्हणजे बढती कायमची गेली आणि बदली कुठेतरी आडरानात, हे सगळ्या मास्तरांना पाठ होतं.

"तसं नाई," राऊत गुरुजी म्हणाले. "एक कोरी वही करा. रोज एकच ओळ लिवा. आज वर्गात काय जमलं नाई. बस. मी थे पाहनार नाई, सही करनार नाई. टाचन लिवायचं वाटलं तं लिवा, नाई वाटलं तं नका लिवू. कोनी इचारलं तं मी हाओ."

"आनि त्यानं काय होते गुरुजी?" बाबांनी विचारलं. त्या आवाजात कुतूहल नव्हतं. वरिष्ठाला विचारावं लागतं म्हणून विचारलं होतं.

"मले काय मालूम," राऊत गुरुजी म्हणाले. "मी तं आपला स्वतःसाठी लिवतो."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की पाचही गुरुजी कडुलिंबाखाली बसू लागले. ज्याला वाटेल त्यानं आपली ओळ वाचायची. पहिल्या शनिवारी राऊत गुरुजींनी आपली वाचली, "पाचवीच्या पोट्ट्याइले मले अपूर्नांक शिकवता येत नाई. तीन वर्सं झाले." बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. हेडमास्तरनं असं बोलायचं असतं का, असा प्रश्न त्यांच्या तोंडावर लिहिलेला होता. मी त्यांना प्यायला पाणी नेऊन द्यायचे, म्हणून हे मला माहीत. दुसऱ्या शनिवारी त्यांनी पुन्हा तेच वाचलं. तिसऱ्या शनिवारीही. पोळा झाला, दसरा झाला, ज्वारीची कापणी आली, तरी त्यांना अपूर्णांक शिकवता येत नव्हते आणि ते निर्लज्जपणे तसं सांगत होते. शेवटी एका शनिवारी बाबा म्हणाले, "मी दाखवतो."

मला वाटतं, ते शब्द बाबांच्या तोंडून त्यांच्याही नकळत निघाले. नंतर घरी येताना वाटभर त्यांचा चेहरा उधार वस्तू घेतल्यासारखा झाला होता. पण सोमवारी ते पाचवीच्या वर्गावर गेले, खांद्यावर ज्वारीच्या सोळा लहान पेंढ्यांचा भारा घेऊन. आमच्याकडे कापणीला बायका जात, त्यांना मजुरी पैशात नसे. सोळा पेंढ्या बांधल्या की एक आपली. हे गणित मजुराच्या पोराला बोलता येण्याआधी येतं. राऊत गुरुजी मागे पोरांमध्ये सतरंजीवर बसले होते आणि आमचा सहावीचा वर्ग मधल्या तट्ट्याच्या अलीकडे असल्यानं मला सगळं ऐकू येत होतं.

"सोळा बांधल्या तं मायले किती भेटते?" बाबांनी विचारलं.

"एक," सगळा वर्ग म्हणाला.

"आठच बांधल्या, आंग दुखून राह्यलं म्हनून घरी आली, तं?"

"अर्धी." आवाज किसनचा होता. किसन दोन वर्षं पाचवीतच होता. त्याला ढ म्हणायचं हे शाळेत ठरलेलं होतं.

"चार?"

"पाव. पन गुरुजी, मालक पाव पेंढी देत नाई. म्हंते उद्या ये."

वर्ग हसला आणि बाबाही हसले. बाबांचं शाळेतलं हसू मी तोवर ऐकलं नव्हतं. नंतर तासभर तिथे काय चाललं होतं ते सांगता येणार नाही, नुसता कालवा होता. तिघींनी मिळून कापलं तर, एकीनं दुपारून काम सोडलं तर, मालकानं वीसला एक दिली तर. पोरं एकमेकांशी भांडत होती आणि भांडताना अपूर्णांक करत होती. तास संपला तेव्हा राऊत गुरुजी सतरंजीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकवून म्हणाले, "मले आत्ता समजलं. मी भाकरीचे तुकडे करत होतो. भाकर तं यायच्या घरी पुरी नसतेच."

तिथून बाबा बदलले. बदलले म्हणजे फार काही चमत्कार झाला असं नाही. ते घरी आल्यावर बाजेवर पडेनात. कधी किसनच्या घरी जात, कधी कुंभाराकडून मातीची मापं आणत. ओळ लिहायची वही त्यांनी स्वतः वर्तमानपत्राचं कव्हर घालून केली होती आणि ओट्यावर बसून ते ती लिहीत. एका ओळीच्या चार ओळी झाल्या, मग पान होऊ लागलं. जेवताना त्याच गोष्टी. अमक्याला हातचा का कळत नाही, तमकी फळ्याकडे बघतच नाही, तिला लांबचं दिसत नसेल का. आई थकून आलेली असे. ती म्हणे, "घरात मास्तर नव्हता तवाच बरं होतं बापा. आता भाकर गियतानाबी शाया." पण हे म्हणताना ती त्यांच्या ताटात वरण जास्त वाढी.

इथे मला थोडं थांबून आजचं सांगायला हवं. मी पुढे शिक्षिका झाले आणि शेवटची नऊ वर्षं मंगरूळपीरकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होते. या काळात मला प्रेरणेवर पुष्कळ प्रशिक्षणं मिळाली. जेवणासकट. शिक्षकांमध्ये आतून ऊर्मी कशी निर्माण करावी, याचे तक्ते रंगीत असत आणि ते दाखवणारे साहेब कंटाळलेले असत. मीही एकदा उत्साहानं राऊत गुरुजींची पद्धत माझ्या शाळेत आणली. सगळ्यांना वह्या दिल्या, 'आज काय जमलं नाही' असा रकाना आखून दिला आणि दर सोमवारी माझ्या टेबलावर ठेवायला सांगितलं. महिनाभर बरं चाललं. दुसऱ्या महिन्यापासून सगळ्यांचं न जमलेलं एकसारखंच येऊ लागलं. एकमेकांचं बघून उतरवत होते बिचारे. मी त्यावर सह्या केल्या. राऊत गुरुजींनी एक गोष्ट केली नव्हती, तीच मी पहिल्या दिवशी केली होती. मी वह्या मागितल्या. आणि आणखी एक, जी त्यांनी केली ती मला कधीच झेपली नाही. माझं स्वतःचं न जमलेलं मी कुणासमोर वाचलं नाही.

तर माझं टाचण थांबलं होतं. शाळेतून आले की मी पोत्यावर बसून राही आणि बाबा वहीत डोकं घालून असत. एकदा मी म्हटलं, "बाबा, मी लिवू का?" ते म्हणाले, "नाई सुमे, हे मलेच लिवा लागते. तू जाय, खेय." मी खडीच्या ढिगावर जाऊन बसले आणि दगड फेकत राहिले. त्या दिवशी मला किसनचा राग आला होता. त्याचं नाव आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त वेळा घेतलं जात होतं.

होळीच्या सुमारास बातमी आली की डिप्टीसाहेब तपासणीला येणार. त्यांच्या हुद्द्याचं नाव केव्हाच बदललं होतं, पण गाव त्यांना डिप्टीसाहेबच म्हणे. शाळेतल्या एका गुरुजींनी, त्यांचं नाव घेत नाही, मंगरूळला साहेबांच्या कचेरीत अर्ज केला होता की नव्या हेडमास्तरांनी टाचण बंद पाडलं. गंमत अशी की बाकीच्या चौघांनी टाचण कधी थांबवलंच नव्हतं. शनिवारी कडुलिंबाखाली मान हलवायची आणि घरी बायकोकडून टाचण लिहून घ्यायचं. खरोखर थांबवलं होतं ते एकट्या बाबांनी.

आईनं बाबांना विचारलं, "काय दाखवसान साहेबाले?" बाबा म्हणाले, "माही वही दाखवतो. राऊत गुरुजीइनं तेच सांगतलं हाये. थे बोलतीन." आई म्हणाली, "थे बोलतीन आनि बदली तुमची होईन. दोन मेमो हायेत तुमाले." बाबा म्हणाले, "होऊ दे मंग." हे ते हसतच म्हणाले. आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं.

पुढचे आठ दिवस मी शाळा सुटली की शाळेच्या मागच्या सामानाच्या खोलीत बसून, मागच्या वर्षीच्या वहीवरून चार महिन्यांचं टाचण उतरवलं. बोटांना घट्टा आला, शाईची दौत संपली, दुसरी मैत्रिणीकडून आणली. जिज्ञासा रोज जागृत केली. रविवार आणि सणांच्या तारखा पंचांगात बघून गाळल्या, साहेब त्यातच पकडतात हे मला माहीत होतं. वहीला तसंच वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. तपासणीच्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला बसले, तेव्हा खुंटीवरच्या पिशवीतली त्यांची वही काढून मी धान्याच्या कणगीमागे टाकली आणि माझी पिशवीत ठेवली.

साहेब जीपनं आले. ओसरीत टेबल मांडलं होतं, समोर पाचही गुरुजी उभे. मी आणि आणखी एक मुलगी पाण्याचे पेले घेऊन दाराशी उभ्या होतो. चौघांची टाचणं साहेबांनी भराभर चाळली. मग त्यांनी अर्ज बाहेर काढला.

"हेडमास्तर, तुम्ही टाचण बंद केलंत अशी तक्रार आहे."

"बंद नाई केलं साहेब," राऊत गुरुजी म्हणाले. "खोटं लिवायचं नसन तं नका लिवू, एवढंच म्हटलं. आमच्या वानखडे गुरुजीइची वही पाहा. चार महिन्यापासून टाचन नाई त्यायच्याकडं. त्या जागी काय लिवते थे वाचा, मंग मले जे बोलायचं थे बोला. माही जबाबदारी."

बाबा पुढे झाले. किती ताठ चालत होते ते. त्यांनी पिशवीत हात घातला, वही काढली आणि न बघताच दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरली.

साहेबांनी पान उलटलं. दुसरं उलटलं. मग मधूनच उघडून पाहिलं. "हे टाचणच आहे की," ते म्हणाले. "रोजचं आहे. उत्तम आहे, अक्षर तर फारच सुंदर." त्यांनी वही बाबांकडे फिरवली. बाबांनी ती पाहिली. राऊत गुरुजींनीही पाहिली, आणि मग त्यांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या ताटलीतल्या पेल्यांकडे पाहू लागले.

"म्हणजे तुमचा एक शिक्षक तुमचा हुकूम मोडून प्रामाणिकपणे काम करतो आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही," साहेब म्हणाले. "शिवाय माझ्यासमोर खोटं बोलता. काय वानखडे, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

त्या ओसरीत मला गिरणीचं इंजिन ऐकू आलं. बाबांनी तोंड उघडलं. मला वाटलं ते आता सांगतील, आणि मी डोळे मिटून घेतले. पण आवाज आला तो राऊत गुरुजींचा.

"माहीच चूक झाली साहेब. मी नीट पाह्यलं नाई."

बाबांनी उघडलेलं तोंड मिटलं. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की वानखडे यांचं टाचण आदर्श असून इतरांनी त्याचं अनुकरण करावं, आणि हेडमास्तरांविषयी जे लिहायचं ते लिहिलं. मग त्यांनी पाणी मागितलं आणि मी नेऊन दिलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "वाचलो बापा." बाबांनी अर्धी भाकर खाल्ली. मी कणगीमागून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि मार खायची तयारी करून उभी राहिले. त्यांनी वहीवरचा भुसा हातानं झटकला. "तुले माह्यासाठी भेव वाटलं, नाई?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

शनिवारी पुन्हा सगळे कडुलिंबाखाली बसले. राऊत गुरुजींच्या बदलीची कुणकुण लागली होती, त्यामुळे कुणी येईल असं वाटलं नव्हतं. पण सवय म्हणून आले, कुणी गंमत बघायला आले. मी पाण्याची घागर घेऊन नेहमीसारखी झाडाच्या बुंध्याशी होते. राऊत गुरुजींनी आपली ओळ वाचली, काहीतरी सातवीच्या भूगोलाचं. तपासणीचं त्यांनी नावही काढलं नाही. मग बाबा उठले. बसूनच वाचायचं असे, पण ते उठले. वही उघडली आणि वाचू लागले.

"मंगळवारी साहेबानं इचारलं, हे तुमीच लिवलं ना. मले नाई म्हनता आलं नाई. थे टाचन माह्या पोरीनं लिवलं. तिनं थे माह्या मायेपायी केलं, तिचा काई दोस नाई. राऊत गुरुजीइनं माह्यासाठी आपल्या आंगावर घेतलं आनि मी पाहत राह्यलो. मले जमलं नाई."

ज्यांनी अर्ज केला होता ते गुरुजी काडीनं जमिनीवर रेघा ओढत होते. हे सगळं साहेबांच्या कानावर जाणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं आणि बाबांनाही. पुढे ते गेलंच. राऊत गुरुजींची बदली महिन्याभरात झाली आणि बाबांचा तिसरा मेमो त्यानंतर पंधरा दिवसांनी आला. आम्ही उन्हाळ्यात गाव सोडलं. पण ते नंतरचं. त्या क्षणी बाबांनी वही मिटली आणि ते खाली बसले. राऊत गुरुजी म्हणाले, "आनखी कोनाचं?"

माझं होतं. मला ते पाठ होतं, आठ दिवस सामानाच्या खोलीत मी दुसरं काय करत होते. भीती मला वाटत होती हे खरं. पण तेवढ्या भीतीसाठी मी चार महिने उतरवून काढले नसते. मला बाबा परत हवे होते. बाजेवर पडलेले, डोळे मिटलेले, कुठवर आलं सुमे विचारणारे. वर्गात हसणारे, किसनच्या घरी जाणारे ते बाबा मला नको होते, म्हणून मी त्यांची वही कणगीमागे टाकली होती. हे मी त्या झाडाखाली बोलले नाही. गुरुजी उठले, मी त्यांना पाणी दिलं.

बाबा ऐंशीच्या घरात असताना वारले. शेवटी शेवटी कुणीही भेटायला आलं की ते ही हकिगत सांगत. राऊत गुरुजींबद्दल सांगत, स्वतःच्या भित्रेपणाबद्दल सांगत, आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणत, "पन हिनं मात्र आपल्या बापासाठी बोटं झिजवली." येणारा कौतुकानं माझ्याकडे बघे. मी चहा ठेवायला आत जाई. मी एकदाही त्यांना अडवलं नाही.